चित्रपटाच्या आरंभीची ललकारी

चित्रपटगृहातील दिवे मालवले जातात आणि कथेस आरंभ होण्यापूर्वी पडद्यावर घटकाभर एक निराळेच चित्र झळकते. कोठे सिंह मान हलवून गर्जना करितो, कोठे पृथ्वीचा गोल संथपणे फिरतो, कोठे बर्फाच्छादित शिखराभोवती ताऱ्यांचे कडे दिसते, तर कोठे एखादा उघडाबोडका धिप्पाड पुरुष आपल्याहून मोठ्या थाळीवर टोला हाणतो. बहुधा त्याच वेळी कर्ण्यांचा आणि नगाऱ्यांचा घोष होतो. प्रेक्षक तेव्हा आपली खुर्ची शोधीत असतो, मुले शेंगांच्या पुड्या सोडीत असतात, आणि ते चित्र कोणाच्या ध्यानातही न येता निघून जाते. चित्रपट काढणाऱ्या संस्थेची ती मुद्रा होय. पूर्वी राजाच्या स्वारीपुढे भालदार-चोपदार ललकारी देत, तशातलाच हा प्रकार असल्यामुळे मुद्रेसोबतच्या वाद्यघोषास आम्ही या लेखात ललकारी असेच म्हणणार आहोत.

शाळेच्या वार्षिकात असला विषय पाहून काही पालकांच्या कपाळास आठी पडेल, हे आम्ही जाणून आहोत. मुलांनी चित्रपट किती पाहावे व कोणते पाहावे, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरचा आहे. त्यात आम्ही पडत नाही. परंतु इतिहासाच्या तासाला आपण जुनी नाणी पाहतो, ती कशासाठी? एकाच टांकसाळीतील नाणी क्रमाने मांडली म्हणजे गादीवरचा पुरुष केव्हा बदलला, खजिना केव्हा आटला, कोणाचे नाव पुसून कोणाचे घातले, हे सारे त्या धातूच्या चकत्या सांगू लागतात. एखाद्या चित्रपटसंस्थेची मुद्राही तशीच वाचता येते. मुले ती पाहतातच. पाहावयाचीच तर डोळे उघडे ठेवून पाहावी आणि कान उघडे ठेवून ऐकावी, एवढेच आमचे म्हणणे.

उदाहरणासाठी आम्ही अमेरिकेतील एकच मुद्रा घेतली आहे. तिच्यात एका उंच चौथऱ्यावर प्रचंड अक्षरांची इमारत उभी असून तिच्याभोवती रात्रीच्या आकाशात प्रकाशझोत फिरत असतात. १९३३ साली जोसेफ शेंक आणि डॅरिल झॅनक या दोघांनी ट्वेंटिएथ सेंच्युरी पिक्चर्स नावाची संस्था काढिली. संस्था नवी, भांडवल उसनवारीचे, स्वतःचे चित्रगृह एकही नाही. ‘द बावरी’ हा तिचा पहिला चित्रपट त्याच वर्षी बाहेर पडला, तोही युनायटेड आर्टिस्ट्स या दुसऱ्या संस्थेच्या मार्फत. अशा कालच्या पोराने स्वतःसाठी चिन्ह निवडले ते मात्र शतकाचे नाव कोरलेल्या एखाद्या किल्ल्यासारखे! धाकट्या माणसाने मोठी पगडी घालावी तसा हा थाट होता, आणि चित्रपटाच्या धंद्यात तो शोभून गेला.

हा किल्ला दगडाचा नव्हता, लाकडाचाही नव्हता. एमिल कोसा नावाच्या चित्रकाराने तो काचेवर रंगविला होता. काचांचे अनेक थर एकापुढे एक ठेवून त्यांवर इमारतीचे व आकाशाचे निरनिराळे भाग काढावयाचे आणि कॅमेऱ्याने एकेक चौकट स्वतंत्र टिपीत जावयाचे, अशी ती रीत. चित्रपटात एका सेकंदास चोवीस चौकटी लागतात. प्रकाशझोत डावीकडून उजवीकडे सरकलेला आपणांस दिसतो तेव्हा प्रत्यक्षात कोणी तरी हाताने त्याची जागा तसूतसूने बदलून पुन्हा पुन्हा चित्र घेतलेले असते. दहा-बारा सेकंदांच्या दृश्यासाठी असे शेकडो वेळा करावयाचे. ज्यांना चित्रकलेच्या तासाला एका रेघेसाठी दुसऱ्यांदा रबर हातात घेण्याचा कंटाळा येतो, त्यांनी हा आकडा मनात ठेवावा. कोसा पुढे पस्तीस वर्षे याच कामात राहिले. १९६८ च्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या चित्रपटाच्या अखेरीस समुद्रकाठच्या वाळूत रुतलेली जी भग्न स्वातंत्र्यदेवी दिसते, तीही त्यांच्याच कुंचल्यातून उतरली.

ललकारी रचिली आल्फ्रेड न्यूमन यांनी. दहा भावंडांत ते थोरले; घरची गरिबी; पियानोवरचा हात मात्र लहानपणीच असा बसला की पोरवयातच त्यांस कमाई करावी लागली. त्यांस पुढे संगीतासाठी नऊ ऑस्कर पारितोषिके मिळाली. १९३३ साली त्यांनी या मुद्रेसाठी जो लहानसा तुकडा लिहिला, तो पंधरा सेकंदांचाही नाही. प्रथम पलटणीच्या बँडात असतो तशा ताशासारख्या ढोलाचा कडकडाट, त्यावर पितळी वाद्यांची ठोक्याठोक्याने चढणारी आरोळी, आणि शेवटी सर्व वाद्यांचा मिळून एक भरघोस मुक्काम. यात राग आळविलेला नाही, गीत नाही, शब्द नाही. तरीही ऐकणाऱ्यास आता काही तरी मोठे येत आहे असे वाटू लागते. सैन्यात कर्ण्याचे काम हेच असते. करिंथच्या मंडळीस लिहिताना संत पौलानेही कर्ण्याचा नाद स्पष्ट असण्याचा दाखला दिला आहे, तो आमच्या उपासनेस येणाऱ्या मुलांस ठाऊक असेल.

आता या मुद्रेतील सर्वांत महत्त्वाचा फेरफार पाहू. १९३५ साली ही छोटी संस्था फॉक्स फिल्म कॉर्पोरेशन या जुन्या संस्थेशी एकत्र झाली. फॉक्सपाशी चित्रगृहे होती, जागाजमीन होती, परंतु कारभार ढासळला होता. नव्या मंडळींपाशी चालणारे चित्रपट होते. चित्रकाराने मूळ इमारतीतील ‘पिक्चर्स’ हा शब्द काढिला व त्या जागी ‘फॉक्स’ ही तीन अक्षरे बसविली. बाकी सर्व तसेच राहिले, ललकारीही तीच.

हे फॉक्स म्हणजे कोण? विल्यम फॉक्स हे हंगेरीत १८७९ साली जन्मलेले व अगदी लहानपणी अमेरिकेस आलेले गृहस्थ. त्यांनी १९१५ साली आपली चित्रपटसंस्था काढून ती प्रचंड वाढविली. १९२९ साली एका मोटार-अपघातात ते जबर जखमी झाले, त्याच वर्षी शेअरबाजार कोसळला, कर्जे अंगावर आली आणि १९३० साली स्वतःच्या संस्थेवरील ताबा त्यांच्या हातून गेला. १९३६ साली त्यांचे दिवाळे निघाले. त्या प्रकरणात न्यायाधीशास लाच देण्याच्या कटाबद्दल त्यांस पुढे तुरुंगवासही घडला. १९५२ साली ते वारले. म्हणजे ज्या वर्षांत हा मनुष्य कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत होता व तुरुंगाचे गज पाहत होता, त्याच वर्षांत जगातील हजारो पडद्यांवर त्याचे नाव प्रकाशझोतांत, कर्ण्यांच्या घोषात, रोज झळकत होते. त्या संस्थेत त्याची पैची सत्ता नव्हती. टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी कितीकांस फॉक्स हे एका मनुष्याचे नाव आहे हेच माहीत नसेल; इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ कोल्हा असल्यामुळे ते एखादे प्राणिचिन्ह असावे, अशीही पुष्कळांची समजूत होते.

यानंतर सुमारे अठरा वर्षे मोठा बदल झाला नाही. रंगीत चित्रपट आले तेव्हा मुद्राही रंगीत झाली, इतकेच. मोठा बदल झाला तो १९५३ साली, आणि त्याचे कारण घरोघर आलेला टेलिव्हिजन. अमेरिकेत लोक चित्रगृहाकडे फिरकेनासे झाले. घरच्या पेटीत जे दिसू शकत नाही ते दाखविल्यावाचून धंदा तरणार नाही, असे पाहून फॉक्सच्या चालकांनी पडदाच रुंद करण्याचे ठरविले. आंरी क्रेतियाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने काही दशकांपूर्वी एक विशेष भिंग तयार केले होते. ते कॅमेऱ्यास लाविले म्हणजे रुंद दृश्य आडव्या बाजूने दाबले जाऊन नेहमीच्या फितीवर मावे. चित्र दाखविताना तसेच भिंग उलट कामी आणून ते पुन्हा पसरावयाचे. या पद्धतीस सिनेमास्कोप हे नाव देण्यात आले. पूर्वीचा पडदा उंचीच्या सव्वापट-दीडपटीच्या दरम्यान रुंद असे. आता तो अडीचपटीहून रुंद झाला. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी दंडगोल भिंगातून आपले पुस्तक पाहावे. अक्षरे एकाच दिशेने कशी ताणली जातात ते दिसेल, आणि हे सारे प्रकरण एका मिनिटात उमगेल.

पडदा पालटला तेव्हा जुनी मुद्रा त्यात नीट बसेना. म्हणून रॉकी लाँगो या चित्रकाराने ती नव्याने रंगविली आणि रुंद पडद्यावर आकृतीचे प्रमाण साधावे यासाठी ‘२०’ या इंग्रजी आकड्यातील शून्य किंचित तिरके केले. पुढील अठ्ठावीस वर्षे ते शून्य कललेलेच राहिले. १९८१ साली कोणी तरी ते सरळ केले. एखादा जुना चित्रपट कोणत्या काळातील, याचा अंदाज या एका शून्यावरून बांधता येतो. नाणेपारखी ज्याप्रमाणे एखाद्या मात्रेवरून टांकसाळ ओळखतो, तशातलीच ही खूण आहे, आणि आमच्या मते मुलांस अशा खुणा शोधण्याची गोडी लागणे हेच या अभ्यासाचे अर्धे फळ होय.

सिनेमास्कोपमधील पहिला चित्रपट ‘द रोब’ हा १९५३ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क येथे प्रथम दाखविला गेला. आमच्या वाचकांस त्याविषयी विशेष आस्था वाटेल, कारण त्याची कथा प्रभू येशूच्या वधस्तंभाशी निगडित आहे. लॉइड डग्लस या पाळकाच्या कादंबरीवरून तो रचिला होता. प्रभूच्या झग्यासाठी शिपायांनी चिठ्ठ्या टाकिल्या, हा शुभवर्तमानातील प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. तो झगा ज्याच्या हाती आला त्या रोमी अधिकाऱ्याचे पुढे काय झाले, हे त्यात कल्पिले आहे. आता गंमत अशी की, नव्या पडद्याचा एवढा डांगोरा पिटावयाचा असूनही या चित्रपटाच्या आरंभी ती प्रसिद्ध ललकारी नाही! मुद्रा दिसते, आणि तिच्यावर गायकवृंदाचे सूर ऐकू येतात. चित्रपटाचे संगीत खुद्द न्यूमन यांचेच. आपल्या सर्वांत गाजलेल्या रचनेस त्या दिवशी त्यांनी दारात थांबविले. वधस्तंभाच्या कथेपुढे बँड वाजविणे शोभत नाही, हा विवेक त्यात असावा असे आम्हांस वाटते.

याच सुमारास न्यूमन यांनी ललकारीस एक पुरवणी जोडिली. पितळी वाद्यांची आरोळी संपली की तंतुवाद्ये एक लांबलचक, वर चढत जाणारी ओळ धरतात आणि सर्व वाद्ये मिळून तिचा शेवट करितात. एकंदर वीस-एक सेकंद. ‘रिव्हर ऑफ नो रिटर्न’ या १९५४ च्या चित्रपटापासून ती ऐकू येऊ लागली. पहिल्या भागाच्या वेळी मुद्रा दिसावी व पुरवणीच्या वेळी ‘सिनेमास्कोप’ ही अक्षरे दिसावीत, अशी ती योजना होती. मुलांनी ही ललकारी मिळाल्यास एकदा डोळे मिटून ऐकावी. पहिला भाग पाय आपटीत चालतो, दुसरा तरंगत जातो. दोन्हींमधील सांधा कोठे आहे तो बोट उचलून दाखवावा. गाण्याच्या वर्गात हा प्रयोग एका तासिकेत होईल, आणि कर्णा व व्हायोलिन यांचा स्वभावभेद मुखोद्गत व्याख्येपेक्षा लवकर ध्यानात येईल.

पुढे सिनेमास्कोप मागे पडला, तशी ती पुरवणी अनाथ झाली. १९७० नंतरच्या वर्षांत तर मूळ ललकारीही क्वचितच वाजे; लोकांस ती जुनाट वाटू लागली होती. अशा वेळी जॉर्ज लुकास या तरुण दिग्दर्शकाने ‘स्टार वॉर्स’ या आपल्या १९७७ च्या चित्रपटापुढे न्यूमन यांची ललकारी पुरवणीसह हवीच, असे सांगितले. न्यूमन १९७० सालीच निवर्तले होते; त्यांनी १९५४ मध्ये स्वतः वाजवून घेतलेले मुद्रणच बाहेर काढण्यात आले. संगीतकार जॉन विल्यम्स यांनी तर आपले आरंभीचे संगीत ललकारीच्याच पट्टीत बांधिले. ती पट्टी पाश्चात्त्यांची बी-फ्लॅट, म्हणजे आपल्या पेटीवरील काळी पाच. त्यामुळे ललकारी संपून क्षणभर शांतता होते आणि चित्रपटाचे पहिले सूर कडाडतात, तेव्हा एकाच वाद्यवृंदाने श्वास घेऊन पुढे चालावे तसे वाटते. एका पिढीच्या मुलांची तर अशी खात्रीच झाली की ललकारी ही ‘स्टार वॉर्स’चाच भाग आहे. १९८० च्या दुसऱ्या भागासाठी विल्यम्स यांनी ती नव्याने वाजवून घेतली. पुढे २०१२ साली लुकास यांची संस्था डिस्ने कंपनीने विकत घेतली व २०१५ चा नवा भाग ललकारीवाचून निःशब्दपणे सुरू झाला, त्या दिवशी अनेक प्रौढ प्रेक्षकांस चुकल्याचुकल्यासारखे झाले असेल.

मधल्या काळातील फेरफार थोडक्यात सांगतो. १९८५ साली संस्थेच्या लेखी नावातील ‘सेंच्युरी’ व ‘फॉक्स’ यांमधली लहान आडवी रेघ गळाली. १९९४ साली काचेवरचे चित्र जाऊन संगणकावर रचलेली मुद्रा आली. तिच्यात कॅमेरा इमारतीभोवती फिरतो आणि मागे लॉस एंजेलिस शहराचे दिवे दिसतात. १९९७ साली ललकारी पुन्हा नव्याने वाजविली गेली, तेव्हा वाद्यवृंदाचे संचालन आल्फ्रेड न्यूमन यांचे पुत्र डेव्हिड न्यूमन यांनी केले. बापाने लिहिलेली दहा-वीस सेकंदे चौसष्ट वर्षांनी मुलाने वाजवावी, असा योग फार थोड्यांच्या वाट्यास येतो. २००९ साली ‘अवतार’ या चित्रपटाच्या वेळी संगणकचित्रात आणखी सुधारणा झाली. आमच्या दृष्टीस मात्र कोसांची काच अधिक भावते. संगणकाच्या मुद्रेत खिडकी न् खिडकी दिसते, आणि ती दिसते म्हणूनच तो किल्ला थोडा लहान वाटतो.

एवढ्यावर न थांबता काही दिग्दर्शकांनी एकेका चित्रपटापुरते मुद्रेशी खेळही केले. ‘एडवर्ड सिझरहँड्स’ या १९९० च्या चित्रपटात मुद्रेवर हिमवर्षाव होतो, ‘द डे आफ्टर टुमॉरो’ या २००४ च्या वादळकथेत तिच्यावर विजा कडाडतात, २००७ च्या ‘द सिम्पसन्स मूव्ही’त ललकारीबरोबर एक बावळट मुलगा तोंडाने सूर काढतो, २०१८ च्या ‘बोहेमियन रॅप्सोडी’त क्वीन या वाद्यवृंदातील कलावंतांनीच ती गिटार व ढोलांवर वाजविली आहे. त्या चित्रपटाचा नायक फ्रेडी मर्क्युरी हा पाचगणीच्या एका निवासी शाळेत शिकलेला पारशी मुलगा होता, हे येथे जाता जाता सांगण्याजोगे. सर्वांत विचार करण्याजोगा प्रयोग १९९२ च्या ‘एलियन थ्री’चा. ललकारी नेहमीप्रमाणे चढत जाते, शेवटच्या पायरीच्या अलीकडे येते, आणि तेथेच अडकते. तो अपुरा सूर भेसूर होत होत चित्रपटाच्या अंधारात विरतो. विजयाची वर्दी देणारा दूत दारातच कोसळावा तसे हे आहे. शेवटचा एक सूर न वाजविल्याने एवढा अर्थ पालटतो. व्याकरणात विरामचिन्हांचे महत्त्व आम्ही घसा कोरडा करून सांगतो, तेव्हा हे उदाहरण वापरावयास हरकत नाही.

२०१९ च्या मार्चमध्ये डिस्ने कंपनीने ही संस्था विकत घेतली. फॉक्स हे नाव मात्र वृत्तवाहिनी चालविणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे राहिले होते. गोंधळ नको म्हणून २०२० च्या जानेवारीत संस्थेचे नाव ट्वेंटिएथ सेंच्युरी स्टुडिओज असे करण्यात आले. इमारतीवरून ‘फॉक्स’ ही तीन अक्षरे उतरली. विल्यम फॉक्स यांच्या हातून सत्ता गेल्यानंतर नव्वद वर्षांनी नावही गेले. ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ हा नव्या नावाचा पहिला चित्रपट त्याच फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. चौथरा तोच, झोत तेच, ललकारीही तीच. अक्षरे दोनदा बदलली आणि काच जाऊन संगणक आला. तरी न्यूमन यांची ती आरोळी कोणास टाकवली नाही.

आपल्याकडे ललकारी देणारी मुद्रा म्हटली की प्रभात फिल्म कंपनीची आठवण होणारच. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी ही संस्था स्थापिली व १९३३ साली ती पुण्यास आणिली. पहाटेचे नाव घेतलेल्या संस्थेस शोभेल अशी तुतारी फुंकणारी स्त्री ही तिची मुद्रा. अमेरिकेतील मुद्रेत वाजविणारा कोठेच दिसत नाही. प्रभातच्या मुद्रेत वाजविणारी हीच मुद्रा आहे. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून १९३६ च्या ‘संत तुकाराम’पर्यंतचे चित्रपट आमच्या वाचकांच्या आजोबा-पणजोबांनी त्या तुतारीपाठोपाठ पाहिले. १९५३ साली, म्हणजे तिकडे सिनेमास्कोप निघाला त्याच वर्षी, प्रभातचा कारभार बंद झाला. त्या जागेत १९६० साली सरकारी चित्रपटशिक्षणसंस्था आली.

आता राहिली ती थाळीवर टोला हाणणाऱ्या पुरुषाची मुद्रा. तिची हकीगत एका ख्रिस्ती गृहस्थाशी निगडित असल्यामुळे आम्ही ती मुद्दाम शेवटी ठेविली आहे. जे. आर्थर रँक हे इंग्लंडातील एका पिठाच्या गिरणीवाल्याचे पुत्र व मेथडिस्ट पंथाचे निष्ठावंत सभासद. ते रविवारच्या शाळेत शिकवीत. मुलांचे लक्ष टिकावे म्हणून त्यांनी तेथे धार्मिक चित्रपट दाखविण्यास आरंभ केला. पण चांगले चित्रपट मिळेनात, म्हणून १९३३ साली ते काढण्यासाठीच एका संस्थेस साहाय्य केले. १९३५ साली यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या दोन भांडखोर कुटुंबांवर ‘टर्न ऑफ द टाइड’ हा चित्रपट निघाला. व्हेनिसच्या महोत्सवात त्यास पारितोषिक मिळाले, परंतु इंग्लंडातील चित्रगृहवाल्यांनी त्यास फारसे दारात उभे केले नाही. गव्हाचा व्यापार जाणणाऱ्या रँक यांस यातील गोम तात्काळ कळली: पीठ कितीही चांगले असले तरी दुकान दुसऱ्याचे असेल तर ते विकले जात नाही. त्यांनी चित्रपट-वाटपाचा धंदाच हाती घेतला, आणि दहा-बारा वर्षांत सहाशेहून अधिक चित्रगृहे व अनेक स्टुडिओ त्यांच्या ताब्यात आले. १९४८ चा ‘हॅम्लेट’ हा ऑस्कर मिळविणारा इंग्लंडातील चित्रपट त्यांच्याच छत्राखाली निघाला. रविवारच्या शाळेतील एका मास्तरांच्या गरजेतून हे साम्राज्य उभे राहिले. त्यात धर्म किती उरला आणि व्यापार किती वाढला, याविषयी तेव्हाही मतभेद होते आणि आमच्याही मनात दोन्ही बाजू आहेत.

थाळीवाल्याची मुद्रा १९३५ च्या सुमारास त्या वाटपसंस्थेबरोबरच रँक यांच्याकडे आली. तो पुरुष मात्र वेळोवेळी बदलला. प्रथम सर्कशीतला एक पहिलवान होता. त्यानंतर १९११ ते १९१९ पर्यंत इंग्लंडचा अव्वल मुष्टियोद्धा असलेला बाँबार्डियर बिली वेल्स. पुढे १९५० नंतरच्या दशकात केन रिचमंड आला. हा हेलसिंकीच्या १९५२ च्या ऑलिंपिकमधील मुक्त कुस्तीत कांस्यपदक मिळविलेला मल्ल. त्याच मैदानी, त्याच प्रकारच्या कुस्तीत, पण सर्वांत हलक्या गटांपैकी एकात, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीही कांस्यपदक मिळविले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकिले होते. त्या वर्षीच्या दोन कांस्यपदकवाल्या मल्लांपैकी एकाचे शरीर पुढे पंचवीस वर्षे जगभरच्या पडद्यांवर दिसले. दुसऱ्याने परत येऊन पोलीसखात्यात नोकरी धरिली.

रिचमंडने ज्या थाळीवर टोला हाणिला ती थाळी खरी नव्हती. ती कागदाच्या लगद्याची होती. जोराने मारिले असते तर भोक पडले असते. त्यामुळे एवढ्या बलदंड पुरुषाचे सारे कसब हात आवरण्यात होते. जो घनगंभीर नाद ऐकू येतो तो जेम्स ब्लेड्स नावाच्या वादकाने निराळ्या जागी, एका लहानशा चिनी काशाच्या थाळीवर काढिलेला आहे. हे ब्लेड्स लंडनच्या मोठ्या वाद्यवृंदात ढोल व झांजा वाजवीत. दुसऱ्या महायुद्धात बी.बी.सी.ने जर्मनव्याप्त देशांसाठी जी खूण प्रक्षेपित केली, तीन आखूड ठोके आणि एक लांब, म्हणजे तारायंत्राच्या भाषेतील विजयाचे आद्याक्षर, तीही यांच्याच हातची. जे घराच्या माळ्यावर चोरून रेडिओ ऐकत असत, त्यांस ते चार ठोके पुरत. १९८० साली रँक संस्थेने चित्रपट काढणे थांबविले. ब्लेड्स १९९९ पर्यंत जगले. पडद्यावर त्यांचा चेहरा त्या मुद्रेत एकदाही दिसला नाही.